वळूचें बीज कोठें पिकतें?

खळ्यावर आलेला दाणा आणि पेरणीस योग्य असें बियाणें या दोन वस्तु एक नव्हेत, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. कणीस दाण्यानें भरलें म्हणजे बियाणें तयार झालें, असें कोणी मानीत नाहीं. दाणा कणसांत कडक व्हावा लागतो, उन्हांत सुकावा लागतो, राखेंत घोळून कणगींत जपून ठेवावा लागतो. मग पुढील मृगांत तो जमिनींत पडला म्हणजे भरंवशानें उगवतो. बियाण्याच्या बाबतींत इतका विचार करणारा आमचा शेतकरी वळूच्या बीजाविषयीं मात्र निराळीच समजूत बाळगून असतो. वळू अंगानें भरला आणि गाईवर चढला म्हणजे काम झालें. एक गाय उलटली तर दोष गाईचा, चार उलटल्या तर दोष वळूचा. यापलीकडे विचार जात नाहीं. वस्तुतः वळूचें बीजही निपजल्यावर पिकावें लागतें. त्यास ठराविक दिवस लागतात, आणि तें पिकविणारीं द्रव्यें वळूच्या शरीरांत निराळ्या ठिकाणीं तयार होतात. हीच गोष्ट या लेखांत सांगावयाची आहे. ती नीट ध्यानांत आली तर एखादा चांगला वळू विनाकारण बाजारांत जाणार नाहीं, आणि एखाद्या घरच्या गाईंचें वर्ष फुकट जाणार नाहीं.

आमच्या ओळखीच्या एका बागाईतदारानें माणदेशांतून खिल्लार जातीचा एक उमदा वळू आणिला होता. वैशाखाच्या मध्यास गांवांत लाळ-खुरकताची साथ आली आणि वळूस चार दिवस कडक ताप भरला. उपचारानें तो बरा झाला, वैरण खाऊं लागला, पूर्वीसारखा डुरकूं लागला. ज्येष्ठांत व आषाढाच्या प्रारंभीं त्याला सात गाई दाखविल्या, सातही उलटल्या. मालकाचा धीर सुटला व त्यानें पडत्या भावानें वळू विकून टाकिला. घेणाऱ्यानें तोच वळू भाद्रपद-आश्विनांत वापरला, आणि त्याच्या बहुतेक गाई पहिल्याच खेपेस गाभण राहिल्या. पहिल्या मालकानें आम्हांस विचारिलें, "वळू तोच, वैरण तीच; मग माझ्याकडे काय कमी होतें?" आम्हीं उत्तर दिलें, "कमी होते ते फक्त दिवस." या उत्तराचा खुलासा पुढें केला आहे.

निपजण्याची जागा आणि पिकण्याची जागा

वळूच्या वृषणांत अतिशय बारीक नळ्यांचीं वेटाळीं असतात. या नळ्यांच्या अस्तरांतील मूळ पेशी विभागत व रूप बदलीत शेवटीं शुक्रजंतूंचा आकार घेतात. या क्रियेस वळूमध्यें सुमारें ६१ दिवस लागतात. मेंढ्यामध्यें सुमारें ४७. यूरोपी जातीच्या एका प्रौढ वळूच्या दोन्ही वृषणांत मिळून दररोज सुमारें ६०० कोटि जंतु तयार होतात. हे जंतु इतके लहान असतात कीं, एकापुढें एक असे तेरा-चौदा मांडले तर एक मिलिमीटर भरेल.

वृषणांतून बाहेर पडणाऱ्या जंतूस डोकें असतें, शेपूट असतें. सूक्ष्मदर्शक यंत्रांतून पाहिल्यास तो पूर्ण घडलेला दिसतो. परंतु त्यास पोहतां येत नाहीं, आणि गाईच्या अंड्याशीं गांठ पडली तरी त्यांत शिरण्याचें सामर्थ्य त्याच्या अंगीं नसतें. झाडावरून उतरलेल्या आंब्यासारखी त्याची स्थिति असते. फळ पूर्ण वाढलेलें, पण कच्चें. आंबा जसा अढींत घालावा लागतो, तसा हा जंतुही अढींत जावा लागतो. वळूच्या शरीरांतील ही अढी म्हणजे अधिवृषण होय.

अधिवृषण म्हणजे वृषणाच्या अंगास चिकटलेली, असंख्य वळकट्या पडलेली, एकच एक नळी. तिच्या वरच्या भागास शीर्ष, बाजूनें उतरणाऱ्या निरुंद भागास मध्य व खालच्या भागास पुच्छ म्हणतात. अंडकोशाच्या तळाशीं हाताला जो टणकसर उंचवटा लागतो तोच पुच्छ. ही सारी नळी मुठींत मावेल एवढ्या जागेंत बसविलेली असते. पण उलगडून सरळ केल्यास वळूमध्यें तिची लांबी सुमारें ३६ मीटर, म्हणजे जवळजवळ ऐंशी हात भरते. हा ऐंशी हातांचा प्रवास करण्यास जंतूस आठ ते अकरा दिवस लागतात. शीर्षांतील जंतु काढून योग्य द्रवांत सोडले तर ते जागच्या जागीं थरथरतात किंवा गोल फिरतात. पुच्छांतील जंतु त्याच द्रवांत सरळ रेषेंत वेगानें पोहूं लागतात. हा फरक या आठ-अकरा दिवसांचा आहे.

निपजण्याचे ६१ आणि पिकण्याचे हे आठ-अकरा मिळून सुमारें ७० दिवस होतात. ज्यांच्या दावणीस वळू आहे त्यांनीं हा आंकडा गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावा, असें आमचें सांगणें आहे.

आंबा पिकतो तो दिवसांनीं कीं अढीनें?

जंतु नुसते दिवस गेल्यानें आपोआप पिकतो, कीं अधिवृषण त्यास पिकवितें, याविषयीं शास्त्रज्ञांत बरींच वर्षें मतभेद होता. फ्रान्समधील झाक बन्वा यांनीं १९२६ सालीं असें मत मांडिलें कीं, या नळींतून पाझरणाऱ्या द्रव्यांचा जंतूंवर परिणाम होतो. उलट अमेरिकेंतील डब्ल्यू. सी. यंग यांनीं १९३१ च्या सुमारास गिनीपिगांवर प्रयोग करून वेगळा निष्कर्ष काढिला. त्यांनीं नळी दोऱ्यानें बांधून जंतूंची वाट अडविली. तरी अडकून पडलेल्या जंतूंत कांहीं दिवसांनीं पक्वतेचीं लक्षणें दिसलीं. तेव्हां पिकण्याची शक्ति जंतूंच्या ठायींच आहे, नळी ही केवळ वाट आहे, असें त्यांनीं ठरविलें. आणि पुढें तीन तपें हें मत बहुधा मान्य राहिलें.

या वादाचा निकाल १९६७ सालीं लागला. मारी-क्लेर ओर्जबें-क्रिस्त व जे. एम. बेडफर्ड या दोघांनीं स्वतंत्रपणें सशांवर तेच बांधण्याचे प्रयोग केले. परंतु जंतु हलतात कीं नाहीं एवढेंच न पाहतां त्यांच्यापासून गर्भ राहतो कीं नाहीं हें पाहिलें. वरच्या भागांत अडकवून ठेवलेले जंतु कालांतरानें हलूं लागले खरे, पण त्यांच्या अंगीं गर्भ घालण्याची शक्ति यावी तशी आली नाहीं. खालच्या भागांत पोंचलेल्या जंतूंत मात्र ती होती. अर्थात् दिवस लागतात हें खरें, पण ते दिवस योग्य ठिकाणीं जावे लागतात. आंबा माळवदावर टाकून दिला तर सुरकुततो, अढींत पिकतो.

या इतिहासांत वळूधारकाला एक धडा आहे. जंतु हलतात हें पाहून थांबणारे चुकले आणि गर्भ राहिला कीं नाहीं हें पाहणारे बरोबर ठरले. आजही एखाद्या वळूचें रेत यंत्राखालीं चांगलें वळवळलें म्हणजे परीक्षा संपली असें समजूं नये. चळवळ ही पक्वतेची खूण आहे, खात्री नव्हे.

अढींतील प्रथिनें

आतां ही अढी करिते तरी काय? येथें प्रथिनांची गोष्ट येते. डाळींत, दुधांत व अंड्यांत असणारें पोषक द्रव्य म्हणून प्रथिन वाचकांस ठाऊक आहे. परंतु शरीरांत प्रथिनांचे सहस्रावधि प्रकार असून प्रत्येकाचें काम निराळें असतें.

जंतूच्या डोक्यांत पित्याचा आनुवंशिक ऐवज असतो. हा ऐवज प्रोटामिन नांवाच्या लहान प्रथिनांनीं अत्यंत घट्ट आवळलेला असतो. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथें फ्रीडरिख मीशर यांनीं १८७४ सालीं ऱ्हाइन नदींतील सामन माशांच्या जंतूंत हें द्रव्य प्रथम शोधून काढिलें. गांठोडें लांबच्या प्रवासास इतकें घट्ट बांधलें कीं, वाटेंत त्यांतून कांहीं काढतां येत नाहीं. त्यामुळें स्वतःस लागणारें नवें प्रथिन घडविण्याची सोय जंतूपाशीं जवळजवळ उरत नाहीं. पुढें जें कांहीं हवें तें बाहेरूनच मिळालें पाहिजे, आणि तें पुरविण्याचें काम अधिवृषणाकडे आहे.

शीर्षांत पोंचण्याच्या सुमारास वृषणांतून आलेला बहुतेक द्रव शोषला जातो आणि जंतु दाट होतात. मग नळीचें अस्तर आपलीं प्रथिनें सोडूं लागतें. फ्रान्समध्यें नूझिली येथें झाँ-लुई दाशो व त्यांचे सहकारी यांनीं मेंढा, डुक्कर वगैरे जनावरांच्या अधिवृषणांतील द्रव टप्प्याटप्प्यानें तपासिला. तेव्हां असें आढळलें कीं, नळीचा प्रत्येक टप्पा निराळीं प्रथिनें सोडतो. पहिल्या टप्प्यावर मिळणारीं पुढें नाहींशीं होतात आणि त्यांच्या जागीं दुसरीं येतात. यांपैकीं कांहीं प्रमुख प्रथिनांचीं कामें थोडक्यांत सांगतों.

पहिलें काम रक्षणाचें. जंतूचें कवच स्निग्ध द्रव्याचें असतें, आणि तेल जसें हवेनें खवट होतें तसें हें कवचही प्राणवायूच्या माऱ्यानें बिघडतें. कांहीं जनावरांत ग्लुटाथायोन परॉक्सिडेज हें प्रथिन शीर्षांत विपुल पाझरतें व हा बिघाड रोखितें. गाईच्या चिकांत असणारें लॅक्टोफेरिन नांवाचें प्रथिनही या नळींत सांपडतें. तें लोहास धरून ठेवितें व त्यामुळें रोगजंतूंस वाढण्यास अडचण पडते. वासरास चीक पाजण्याचें महत्त्व जाणणाऱ्यास हें निराळें समजावून सांगावयास नको.

दुसरें काम कवचाची घडण बदलण्याचें. एनपीसी-२ या नांवाचें एक प्रथिन कोलेस्टेरॉलची नेआण करितें, आणि जंतूच्या कवचांतील कोलेस्टेरॉलचें प्रमाण वाटेंत बदलत जातें. हें प्रमाण पुढें गाईच्या शरीरांत फार महत्त्वाचें ठरतें.

तिसरें काम जंतूस अंगरखा चढविण्याचें. डिफेन्सिन नांवाचीं लहान प्रथिनें मूळचीं रोगजंतुनाशक म्हणून प्रसिद्ध आहेत. परंतु त्यांतील कांहीं जंतूच्या अंगावर थर देऊन बसतात. माकडांवरील प्रयोगांत असें दिसलें कीं, हा थर काढून घेतल्यास जंतूस मादीच्या गर्भाशयमुखाच्या चिकट स्रावांतून पलीकडे जातां येत नाहीं. मनुष्यांत या प्रथिनाच्या एका सर्वसाधारण आनुवंशिक दोषामुळें अपत्यप्राप्तीस विलंब लागतो, असें २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें. विशेष हें कीं, असा दोष असलेल्या पुरुषांचे जंतु संख्येनें व चळवळीनें चांगलेच दिसत.

चौथें काम पोंचवणीचें. सर्वच प्रथिनें द्रवांत विरघळून येत नाहींत. कांहीं अतिसूक्ष्म पिशव्यांत भरून येतात आणि त्या पिशव्या जंतूस चिकटून आंतील ऐवज त्याच्या अंगीं देतात. कॅनडांतील क्वेबेक येथील रॉबर्ट सुलिव्हन व त्यांचे सहकारी यांनीं वळूंतील अशा पिशव्यांचा व त्यांतून मिळणाऱ्या पी-२५-बी या प्रथिनाचा पुष्कळ अभ्यास केला. ज्या वळूंपासून गाई कमी प्रमाणांत राहत त्यांच्या जंतूंवर हें प्रथिन कमी आढळतें, असें त्यांनीं १९९९ सालीं दाखवून दिलें. अढींतील माल कमी पडला तर फळ वरून पिवळें दिसूनही आंतून आंबट राहतें, त्यांतलाच हा प्रकार.

यांशिवाय या प्रवासांत प्रोटामिनांच्या धाग्याधाग्यांत गंधकाच्या गांठी बसून आनुवंशिक ऐवज अधिकच घट्ट होतो. आणि जंतूच्या मानेशीं राहिलेला पेशीचा एक लहान थेंब हळूहळू शेपटाकडे सरकत शेवटीं गळून पडतो. हा थेंब पशुवैद्यास यंत्राखालीं दिसतो. रेतांत मानेशीं थेंब असलेले जंतु पुष्कळ दिसले तर वळू लहान आहे, किंवा बीज कच्चें निघत आहे, असा त्याचा अर्थ होतो.

पुच्छ म्हणजे कणगी

पिकलेले जंतु पुच्छांत साठतात. वळूमध्यें तेथील द्रव किंचित् आम्ल असल्यामुळें ते स्वस्थ पडून राहतात व आपली शक्ति राखितात. पुच्छ ही बीजाची कणगी होय, आणि कणगीला जे नियम लागू ते हिलाही लागू.

कणगी एकाच आठवड्यांत वारंवार उपसली तर तळ लागतो. जंतु निपजण्याचा वेग मालकाच्या गरजेप्रमाणें वाढत नाहीं, आणि शीर्ष व मध्य या भागांतून जाण्याचा काळही फारसा बदलत नाहीं. कमी होतो तो पुच्छांतील मुक्कामाचा काळ. म्हणून जत्रेच्या दिवसांत एका वळूस दिवसाकांठीं चार-पांच गाई दाखविणें म्हणजे गाईवाल्यांची फसवणूक होय. उलट कणगी वर्षभर उघडलीच नाहीं तर आंतील दाण्यास कीड लागते. महिनोन् महिने न वापरलेल्या वळूच्या पहिल्या एक-दोन खेपांच्या रेतांत जुने व मेलेले जंतु पुष्कळ असतात. त्या खेपांवरून त्याची परीक्षा करूं नये.

कणगी ऊन लागेल अशा ठिकाणीं कोणी ठेवीत नाहीं. निसर्गानेंही ती शरीराबाहेर, अंडकोशांत लोंबती ठेविली आहे. कारण वृषण व पुच्छ यांस शरीरापेक्षां दोन ते सहा अंश सेंटिग्रेड कमी उष्णता लागते. उंदरांवरील प्रयोगांत केवळ पुच्छ पोटांत ढकलून बसविलें, तेव्हां त्याची साठविण्याची शक्ति उतरली. ताप, चैत्र-वैशाखांतील उन्हाचा तडाखा, किंवा अंडकोशास सूज आणणारा रोग, यांचा घाव प्रथम बसतो तो येथें.

आतां आरंभीं सांगितलेल्या वळूचा हिशेब लागतो. तापाच्या आधीं पिकून पुच्छांत बसलेले कांहीं जंतु चांगले असतात. त्यामुळें आजारानंतर पहिल्या आठवड्यांत एखादी गाय राहूनही जाते आणि मालकाची अधिकच फसगत होते. पुढें वृषणांत ताप सोसलेले जंतु वाट चालून बाहेर येऊं लागतात, आणि हा प्रकार दोन महिन्यांहून अधिक चालतो. वैशाखाच्या मध्यापासून ७० दिवस मोजले म्हणजे आषाढ संपत येतो. त्या बागाईतदाराच्या सातही गाई नेमक्या या मुदतींत दाखविल्या गेल्या. घेणाऱ्याच्या गाई मुदत संपल्यावर. वळूंत दोष नव्हता. मालकानें कच्ची अढी उघडली होती.

बाहेर पडतांना आणि बाहेर पडल्यावर

जंतु शरीराबाहेर पडतांना त्यांत शुक्राशय वगैरे ग्रंथींचा द्रव मिसळतो. वळूच्या या द्रवांतील प्रथिनांपैकीं निम्म्याच्या आसपास प्रथिनें एकाच कुळांतील आहेत. कॅनडांतील माँट्रियल येथील पुरी मंजुनाथ यांनीं त्यांचा सखोल अभ्यास केला. तीं मिसळतांक्षणीं जंतूच्या कवचास चिकटतात व त्यांतील कोलेस्टेरॉल आणि इतर स्निग्ध पदार्थ हळूहळू काढूं लागतात. गाईच्या शरीरांत ही गोष्ट इष्टच आहे. कारण तेथें जंतूचें कवच सैल व्हावयास हवें असतें. पण काढलेलें रेत बाटलींत तसेंच ठेविलें तर हेंच प्रथिन कवच झिजवीत राहतें व जंतु मरतात.

यावर उपाय सांपडला तो कारण कळण्याच्या फार आधीं. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन येथें पॉल फिलिप्स व हेन्री लार्डी यांनीं १९३९-४० मध्यें रेतांत अंड्याचा बलक मिसळिला, आणि गार केलेलें रेत कित्येक दिवस टिकूं लागलें. बलक काय करितो याचा एक महत्त्वाचा उलगडा पुढें साठ वर्षांनीं झाला. बलकांतील स्निग्ध कण हीं प्रथिनें स्वतःकडे धरून ठेवितात व जंतूस त्यांच्या झिजेपासून वांचवितात. दुधांतील केसिनचे कणही तेंच करितात.

आपल्या देशांत कृत्रिम रेतनाचा आरंभ म्हैसूर येथील राजवाड्याच्या दुग्धशाळेंत संपतकुमारन् यांनीं १९३९ सालीं केला, व १९४२ पासून इज्जतनगर येथील संस्थेनें तें काम हातीं घेतलें. इंग्लंडांत पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनीं १९४९ सालीं ग्लिसरीनच्या योगानें जंतु गोठवून जिवंत ठेवण्याची युक्ति शोधिली. महाराष्ट्रांत मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं उरुळीकांचन येथें स्थापिलेल्या बाएफ संस्थेनें हें तंत्र शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेलें. हल्लीं उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रांत ठेविलेल्या पाव मिलिलिटरच्या एका कांडींत सुमारें दोन कोटि जंतु असतात. ते सर्व कोणा एका वळूच्या अढींतूनच पिकून आलेले असतात, हें विसरूं नये.

पिकण्याचा शेवटचा अंश मात्र गाईच्या शरीरांत पुरा होतो. एम. सी. चँग यांनीं अमेरिकेंत व सी. आर. ऑस्टिन यांनीं ऑस्ट्रेलियांत १९५१ सालीं स्वतंत्रपणें दाखविलें कीं, जंतूस मादीच्या शरीरांत कांहीं तास राहिल्यावांचून अंड्यांत शिरण्याची पात्रता येत नाहीं. या काळांत वर सांगितलेलीं प्रथिनें जंतूस अंडनलिकेच्या भिंतीशीं धरून ठेवण्यास साहाय्य करितात व अंडें सुटेपर्यंत त्यास जपतात. गोठवून वितळविलेल्या जंतूंचें कवच आधींच थोडें सैल झालेलें असतें, त्यामुळें त्यांचें आयुष्य कमी असतें. म्हणून कांडी वापरतांना वेळ साधणें अधिकच अगत्याचें आहे.

वळूधारकांस व गाईवाल्यांस सूचना

१. वळूस कडक ताप, लाळ-खुरकत, लम्पी किंवा उन्हाचा झटका येऊन गेल्यास ती तिथि लिहून ठेवावी व त्यापुढें ७० दिवस त्याच्या फळविण्यावरून त्याची किंमत ठरवूं नये. मेंढ्याच्या बाबतींत ही मुदत दोन महिन्यांची धरावी. लाळ-खुरकताची लस वेळेवर टोंचून घेतल्यास हा प्रसंगच बहुधा टळतो.

२. फाल्गुनापासून मृगापर्यंत वळूस दाट सावली व पोटभर थंड पाणी द्यावें. दुपारीं त्यास पत्र्याखालीं किंवा तापलेल्या फरशीवर बांधूं नये व गाडीस जुंपूं नये.

३. कोवळ्या खोंडास आठवड्यास एकाहून अधिक गाय दाखवूं नये. प्रौढ वळूस आठवड्यास दोन-तीन पुरेत. जास्त पैशाच्या लोभानें कणगी उपसूं नये.

४. वळू विकत घेण्यापूर्वीं पशुवैद्याकडून त्याच्या अंडकोशाची परीक्षा करवावी. दोन्ही वृषण सारखे असावे. तळाशीं पुच्छ भरीव लागावें. तेथें सूज, गांठ किंवा दुखरेपणा असल्यास सौदा मोडावा. सांसर्गिक गर्भपाताच्या रोगानें अधिवृषणास सूज येते. तो रोग वळूपासून गाईंत व गाईंपासून माणसांत पसरतो, म्हणून रक्ताची तपासणी अवश्य करावी.

५. बरेच महिने रिकामा असलेला वळू हंगामाच्या आरंभीं पशुवैद्याकडून एक-दोन वेळां रिता करून घ्यावा व मगच त्याच्यावर भरंवसा ठेवावा.

६. चिमट्यानें खच्ची केलेला बैल निदान एक महिना माजावरच्या गाई-कालवडींपासून वेगळा बांधावा. दाबलेल्या जागेच्या वर शुक्रवाहिनींत अगोदरच पोंचलेले पक्व जंतु कांहीं काळ जिवंत राहतात, आणि "खच्ची केलेल्या बैलाचें वासरूं" म्हणून जो चमत्कार गांवोगांव सांगितला जातो त्याचें कारण बहुधा हेंच असतें.

७. गाय सकाळीं माजावर दिसल्यास त्याच दिवशीं संध्याकाळीं, व संध्याकाळीं दिसल्यास दुसऱ्या दिवशीं सकाळीं कांडी भरवावी. कांडी ३७ अंश सेंटिग्रेड उष्ण पाण्यांत तीस सेकंद धरून वितळवितात. ती हातावर चोळून किंवा खिशांत ठेवून वितळवूं देऊं नये.

८. गाय दाखविल्याची तिथि, वळू किंवा कांडीचा क्रमांक आणि गाय उलटल्याची तिथि यांची वही ठेवावी. वहीवांचून दोष गाईचा कीं वळूचा हें कोणासही सांगतां येणार नाहीं.

असो. ज्वारीच्या कणसाची राखण करणारा शेतकरी दाणा कधीं पिकला हें हातानें दाबून सांगतो. वळूचें बीज हातानें दाबून पाहतां येत नाहीं. तें ऐंशी हात लांबीच्या अंधाऱ्या वाटेनें, आपल्या दृष्टीस न पडणाऱ्या प्रथिनांचे थर अंगावर घेत पिकत येतें. आपल्या हातीं आहे तें एवढेंच कीं, त्या वाटेवर ऊन पडूं देऊं नये, तिच्यावर घाई लादूं नये, आणि दिवस मोजण्यास चुकूं नये. आपल्या गोठ्यांतील वळू आजारानंतर किती दिवसांनीं पुन्हां लागला, हें वहीच्या आधारें जे सभासद आम्हांस कळवितील त्यांचे अनुभव पुढील अंकांतून सर्वांपुढें ठेवण्यास आम्हांस आनंद वाटेल.